दोन साडूंमधलं टेबल

मी नगरपालिकेच्या सभागृहातलं लांबलचक टेबल बोलतोय. हळूच बोलतो, कारण इथे कोण कोणाचा माणूस आहे याचा काही नेम नाही.

सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून सुताराने मला एवढं लांब केलं. पण बसणारे एकाच पक्षाचे असूनही त्यांचे गट दोन. एका टोकाला अध्यक्षांचा, दुसऱ्या टोकाला उपाध्यक्षांचा. दोघे सख्खे साडू! वर हसून बोलतात आणि माझ्याखाली आपापल्या माणसांना बुटाने ढोसतात. एकदा ढोसलं की हात वर करायचा, दोनदा ढोसलं की गप्प बसायचं.

गट म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. शाळेचं मैदान विकायचा घाट घातला होता, तेव्हा उपाध्यक्षांचा गट अडून बसला म्हणून ते वाचलं. सत्तेतल्या माणसाला घरच्याच कोणीतरी ‘का?’ विचारलेलं बरं असतं. पण हल्ली ठराव कशाचा आहे हे कोणी बघत नाही, कोणाचा आहे तेवढं बघतात.

मधल्या खुर्चीवर डॉक्टरीणबाई बसतात. त्या कुठल्याच गटात नाहीत. त्यांनी ओढ्यावर पूल बांधायचा ठराव मांडला. पलीकडची एक बाळंतपणात अडलेली बाई दवाखान्यात पोचण्याआधीच गेली, हे त्यांनी माझ्यावर तळहात टेकून सांगितलं. दोन्ही साडूंनी त्यांना आधीच होकार दिला होता.

अध्यक्षांनी पटकन हात वर केला.

“एवढी घाई?” उपाध्यक्ष शेजाऱ्याच्या कानात पुटपुटले. “इथे नक्की पाणी मुरतंय.” त्यांनी दोनदा ढोसलं. त्यांच्या बाजूचा एकही हात वर आला नाही.

ते पाहून अध्यक्ष चपापले. “यांना काहीतरी कळलंय,” असं म्हणत त्यांनीही हात खाली घेतला.

पूल सगळ्यांनाच हवा होता, तरी ठराव पडला. मला भयंकर चीड आली.

आता एकत्र बसणंच नको म्हणून मला मधोमध कापायचं ठरलंय. आपल्या वाट्याला आखूड तुकडा येईल या संशयाने दोघे साडू स्वतःच माप घेताहेत. सुतार करवत धरून ताटकळलाय.

“कापताच आहात, तर फळ्या मला द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ओढ्यावर टाकते.”

दोघे साडू एकदम ताठ झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघे एका सुरात बोलले.

“बाई, आधी खरं सांगा, तुम्ही कोणाच्या गटात गेलात?”

बाईंनी माझ्या एका टोकाला हात घातला. लोकहो, मी कोणाच्याच गटात नाही. चिखलाचे पाय अंगावर पडले तरी चालतील. पलीकडे कोणीतरी अडलेली असेल, मला उचला.