सहा तासांची सही

तिची रात्र सकाळी आठला सुरू व्हायची. रात्री नऊची मोठ्या शहराची बस घेऊन ती निघायची, अर्ध्या वाटेवर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरशी गाडीची अदलाबदल करायची आणि त्याची गाडी घेऊन पहाटे परत यायची. घरी आल्यावर आंघोळ, दोन घास, खिडकीला जाड काळा पडदा, की झाली आडवी. अकरा वर्षं हा क्रम चालू होता. इमारतीत सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत, पण ती कुठली गाडी चालवते हे विचारायचं कोणाला कधी सुचलं नव्हतं.

मग तिच्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर वर नाचाचे मास्तर राहायला आले.

मास्तरांचा नाच बुटांचा होता. लाकडी टाचांचे बूट घालायचे आणि फरशीवर ताल ठोकायचा. शिष्यमंडळी दहा, सगळी पन्नाशी ओलांडलेली, आणि उत्साह असा की तरण्याताठ्यांनी तोंडात बोट घालावं. दहा शिष्य आणि एक मास्तर म्हणजे बावीस टाचा. वर्ग सकाळी नऊ ते बारा. आणि एकदा मोडलेली तिची झोप बारानंतर काही केल्या परत नीट लागायची नाही.

घरात सासूबाई होत्या, पण त्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे त्या घरातल्या सगळ्यात सुखी माणूस होत्या. "वर कुठे काय वाजतंय? तुला भास होतात," म्हणायच्या. एक दिवस तिने त्यांना हाताला धरून आपल्या खोलीत आणलं आणि टेबलावरचा पाण्याचा पेला दाखवला. पेल्यातलं पाणी थरथरत होतं.

"अगं बाई, खरंच की," सासूबाई म्हणाल्या. "मग जाऊन सांग ना त्यांना. माझ्याशी भांडून काय होणारे?"

ती वर गेली. मास्तर माणूस इतका गोड की भांडण काढायलाच जागा सापडेना. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हळहळून म्हणाले, "पण बाई, दिवसा कोण झोपतं हो?"

"मी झोपते. तेच तर सांगायला आलेय."

"आम्ही रात्री एक टाचणीसुद्धा पाडत नाही. विचारा कोणालाही."

"रात्री मी घरी नसते, मास्तर. रात्री तुम्ही छप्पर पाडलंत तरी माझी हरकत नाही."

मास्तर हसले. त्यांना तो विनोद वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कापसाचं एक मोठं पुडकं खाली पाठवून दिलं, कानात घालायला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कापूस तिने सासूबाईंच्या उशीत भरला.

तिने इमारतीच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रार दिली. सेक्रेटरींनी तिला जिन्याखालच्या पाटीसमोर नेऊन उभं केलं. पाटीवर लिहिलं होतं: रात्री दहा ते सकाळी सहा शांतता राखावी.

"नियमात बसत नाही," ते म्हणाले.

"सहा तास झोप माणसाला लागते की नाही? मग माझे सहा तास सकाळचे धरा."

"एका माणसासाठी रात्र हलवता येत नाही, बाई."

"त्या एका माणसाच्या मागे रोज चाळीस माणसं बसतात."

"ते तुमच्या डेपोने बघावं," म्हणून सेक्रेटरींनी काखा वर केल्या.

डेपो काय बघत होता हेही सांगायला हवं. डेपोत एक वही होती. गाडीची किल्ली हातात पडण्याआधी ड्रायव्हरने त्या वहीत आपण किती तास झोपलो ते लिहायचं आणि पुढे सही करायची. सहापेक्षा कमी तास असतील तर किल्ली द्यायची नाही, असा नियम. कधीतरी कुठेतरी काहीतरी भयंकर घडल्यावर तो झाला होता. आता वहीची पानंच्या पानं सहाच्या आकड्याने भरलेली असायची. कोणाचं मूल आजारी असो, कोणाच्या घरी लग्न असो, झोप सगळ्यांची सहा तास. तीही सहाच लिहायची. मास्तर यायच्या आधी ते खरं होतं. नंतर ते खोटं झालं, तरी हात सवयीने सहाच लिहीत राहिला.

आणि मग ते वळण आलं. पहाटेची वेळ, घाटाचा उतार, मागे सगळी गाडी ढाराढूर झोपलेली. तिचा डोळा लागला. किती वेळ? एक क्षण, फार तर दोन. डोळे उघडले तेव्हा रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ चाकाखाली होती आणि तिच्या पलीकडे नुसता अंधार. तिने गाडी सरळ केली. कोणी जागं झालं नाही. पुढच्या सीटवरची एक बाई झोपेतच पोराला जवळ ओढून घेत होती, तेवढं तिला आरशात दिसलं. डेपोत उतरल्यावर ती पायरीवरच बसली. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. त्या वहीत आदल्या संध्याकाळी तिनेच सहा लिहून सही केली होती.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. स्वतःला मात्र एक गोष्ट बजावली: खोटी सही आता मरेपर्यंत नाही.

पुढचे दहा-बारा दिवस तिने कसेबसे काढले. कधी सासूबाईंच्या खोलीत, कधी दुपारभर, तुकड्या-तुकड्यांनी सहा तास जुळवले, आणि जुळले तेव्हाच लिहिले. तिकडे वरचा जोर वाढत चालला होता. मोठ्या शहरात बुजुर्गांच्या नाचाची स्पर्धा होती आणि मास्तरांची मंडळी त्या स्पर्धेला जाणार होती. निघायच्या दिवशी शेवटची तालीम आठलाच सुरू झाली ती चारपर्यंत संपेना. ती दोनदा वर गेली. पहिल्यांदा दार उघडलंच नाही, कारण आत बेल ऐकू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. दुसऱ्यांदा मास्तर घामाने निथळत बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "आजच्या दिवस सांभाळून घ्या."

चारला शांतता झाली. सहाला ती उठली. दोन तास.

तिने लगेच डेपोच्या साहेबांना फोन केला. "साहेब, माझी झोप झालेली नाही. दुसरा माणूस बघा."

"अहो ताई, झोप कोणाची होते? सही करा आणि या," साहेब म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

ती गेली. गणवेश घालून, वेळेवर, केस नीट बांधून गेली. कामाला दांडी मारली असं कोणी म्हणायला नको. साडेआठला खिडकीशी उभी राहिली, वही पुढे ओढली आणि तासांच्या रकान्यात ठसठशीत दोन लिहून खाली सही केली.

साहेबांनी वही बघितली. "हे काय?"

"झोप."

"खोडा ते. सहा करा."

"नाही करणार."

"ताई, गाडी भरलीय. राखीव माणूस आपल्या शहराच्या त्या टोकाला राहतो, त्याला यायला दोन तास लागतील. तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागेल, कळतंय ना? नोकरीवर येईल."

"येऊ दे. खुलासा याच वहीत दिलाय. आणि साहेब, तुम्हाला मी सहालाच सांगितलं होतं."

तेवढ्यात तिच्या मागून ओळखीचा गोड आवाज आला, "काही अडचण आहे का? आमची स्पर्धा सकाळी आठला आहे हो."

तिने वळून बघितलं. मास्तर होते. त्यांच्या मागे दहाच्या दहा शिष्य, हातात बुटांच्या पिशव्या. मास्तरांनी तिला गणवेशात प्रथमच पाहिलं असावं, कारण त्यांना ओळखायला जरा वेळ लागला.

"तुम्ही? ही गाडी तुम्ही चालवता?"

"अकरा वर्षं."

साहेबांना एकदम आधार सापडला. "तुम्ही ओळखता यांना? मग समजवा की. यांनी वहीत सहा लिहिलं की गाडी सुटली."

तिने वही उलटी फिरवून मास्तरांपुढे सरकवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. आवाज चढवला नाही. गाडीतून उतरून आलेली माणसं ऐकायला जवळ सरकली.

"घ्या मास्तर. आज आठपासून चारपर्यंत मी किती झोपले, हे जगात तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. दोनाचे सहा करा. आणि खाली तुमची सही करा. केलीत तर मी या क्षणी गाडी काढते आणि तुम्हा सगळ्यांना घेऊन घाटात शिरते."

मास्तरांनी पेन धरलं. वहीकडे पाहिलं, मग शिष्यांकडे पाहिलं. सगळ्यात पुढे त्यांची बायको, त्या दहांतलीच एक, उभी होती, बुटांची पिशवी पोटाशी धरून.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ठेवा ते पेन."

मास्तरांनी पेन वहीवर ठेवलं. साहेबांनी कोणाकडेही न बघता फोन उचलला आणि राखीव ड्रायव्हरचा नंबर फिरवायला घेतला.

"पण मग," मास्तर म्हणाले, "आता तुम्ही काय करणार?"

ती खांद्याला पिशवी अडकवत होती. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला मनापासून हसू आलं.

"मी? घरी जाऊन झोपणार," ती म्हणाली. "वर आज कोणी नाही."