मरियेच्या गीताचा वरचा सूर

मित्रांनो, मी एक जुनी चाल आहे, मरियेच्या गीताची. गोंदियातल्या एका लहानशा चर्चमध्ये संध्याकाळच्या उपासनेला मला गात असत. चार सुरांचे चार गळे आणि खाली पायपेटी, एवढं सगळं जमलं तरच मी उभी राहते. एकट्यानं गावं अशी मी नाहीच.

मला सेवकराम मास्तरांनी बांधलं. मास्तर मोठे तापट. ज्याला त्याला फक्त त्याचाच सूर शिकवत. शेजारचं ऐकून कुणी भरकटू नये म्हणून सरावाला एका कानात बोट घालायला लावत. वरचा सूर अल्काबाईंचा आणि त्याच्या खालचा, आधाराचा, रीनाबाईंचा. या दोघी मैत्रिणी वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून गायल्या. नाताळात पार दवनीवाड्याहून माणसं ऐकायला येत, तेव्हा मी अगदी फुगून जाई.

पुढे मास्तर गेले. माझे कागद वाळवीनं खाल्ले, पायपेटीचा भाता उंदरांनी कुरतडला. गाणारे एकेक करून कमी झाले आणि यंदा अल्काबाईही गेल्या. त्यांच्या स्मरणाच्या उपासनेला मलाच गायचं, असं रीनाबाईंनी मनावर घेतलं. चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा हिमांशु त्यांच्या कुडवा गावातल्या घरी आला. रीनाबाईंनी गाऊन दाखवलं.

"आंटी, ही धुन तर एकाच जागी बसून राहिली," तो म्हणाला.

"हा माहा सूर आहे ना बापा. वरचा अल्का म्हणे."

"मंग वरचा म्हणून दाखवा."

त्यांनी सुरुवात केली. दोन सूर बरोबर लागले आणि तिसऱ्याला गळा आपल्या सवयीच्या जागी येऊन बसला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. हिमांशुनं अंदाजानं काहीतरी वाजवून पाहिलं.

"असा नोहता," रीनाबाई म्हणाल्या.

"मंग कसा?"

"तेच तं आठवून नाही राहिलं मले."

मी तिथंच होते, मित्रांनो. मला सगळं येतं, पण तोंड नाही. माझा जीव नुसता तडफडत होता.

उपासनेचा रविवार जवळ आला. शेवटी हिमांशुनं रीनाबाईंचाच सूर सगळ्यांना शिकवला आणि मागे ताल लावून दिला. त्या दिवशी अख्खं चर्च तो एका आवाजात गायलं. कितीतरी जणांचे डोळे पाणावले. रीनाबाई मात्र ओठ मिटून बसल्या होत्या.

"आंटी, तुम्ही काऊन नाही म्हटलं?" बाहेर आल्यावर हिमांशुनं विचारलं.

"सगळेच माहा सूर म्हणून राहिले," त्या म्हणाल्या. "मी साथ कोनाले देऊ?"

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी म्हातारं माणूस जुनं काही गात असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा आणि ते पुरतं शिकून घ्या. माझा वरचा सूर आता कुणालाच येत नाही. उरलेल्या त्या एका सुरालाच लोक मरियेचं गीत म्हणतात, आणि मला 'नाही' म्हणता येत नाही.