जावईबापूंची उंच गाडी

सातवा महिना सरलेली बायको दारात कंबरेवर हात ठेवून उभी आहे आणि नवरा गाडीखाली मान घालून चाकं न्याहाळतो आहे, अशा माणसाला काय म्हणतात? मैनाबाईंकडे त्यासाठी एक सोडून चार शब्द तयार होते, पण चारही जावयाला लावण्यासारखे नव्हते. शिवाय त्यांच्या घराण्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. पदर पुढे ओढायचा, तोंड भिंतीकडे करायचं आणि जे बोलायचं ते तिसऱ्याला सांगायचं. जावई ऐकत असतोच.

"पौर्णिमा," त्या भिंतीला म्हणाल्या, "तुह्या मालकाले विचार, गाडी पातूरले न्यायची हाय का चंद्रावर?"

गजेंद्र गाडीखालून निघाला आणि पांढऱ्या कडक सदऱ्याला लागलेली माती झटकत म्हणाला, "आईले सांग, जाता जाता अकोल्यात मोठे टायर बसवून घेतो. रविवारी अमरावतीले बोंडअळीचा मोर्चा हाय. आपली गाडी पुढं राह्यते."

गाडी मुळात लहानच. दिसायला जीपगाडीसारखी, पोटात मात्र चार माणसांची. दिवाळीत त्यानं स्प्रिंगांवर ठोकळे बसवून ती चार बोटं वर उचलून घेतली होती. त्या साली बोंडअळीनं कपाशीची बोंडं आतून पोखरली, लोकांनी उभ्या पराटीत ढोरं सोडली. सगळ्यांच्या वावरात पराटी आडवी होत होती आणि ह्याची गाडी तेवढी उंच होत होती.

पहिलटकरणीला माहेरी, पातूरला, न्यायला मैनाबाई आदल्या दिवशी एसटीनं आल्या होत्या, आणि एसटीनंच लेकीला नेणार होत्या. एसटीला पायरी असते, धरायला दांडा असतो. पण मोर्च्याच्या पुढाऱ्याची बायको एसटीनं माहेरी गेली तर चार लोक काय म्हणतील? गजेंद्रनं पाय आपटले आणि विहीणबाई कौशल्याबाईंनी मान डोलावली. शिवाय गाडीत मागच्या बाजूला तुरीचं पोतं, ज्वारीचं पोतं, तेलाचा पिपा आणि कुरडयांचे डबे कोंबले. लेक धड पोचू दे, मग ह्याला पाहते, असं मनाशी म्हणून मैनाबाई गाडीत बसल्या. पौर्णिमा लाकडी पाटावर पाय देऊन कशीबशी चढली.

अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे शाहनवाजचं टायरचं दुकान. तो माणूस बोलायला गोड आणि विकायला त्याहून गोड. "या भाऊ, तुमच्यासाठीच ठेवले," असं म्हणत त्यानं जे टायर गडगडत आणले, ते पाहून मैनाबाईंना ट्रॅक्टरचीच आठवण झाली.

जॅक लावायचा म्हणून मागचं सगळं सामान उतरवलं. पोती फुटपाथवर आली, मायलेकी त्यांच्या शेजारी बाकड्यावर. जुनी चाकं निघाली, नवी चढली. ती गाडीच्या अंगाबाहेर डोकावत होती, दात पुढे आलेल्या माणसासारखी. शाहनवाजनं स्टेअरिंग डावीकडे फिरवून पाहिलं, उजवीकडे फिरवून पाहिलं. कुठे घासलं नाही.

"रिकामी हाय तवरक ठीक हाय," तो म्हणाला. "माल भरला का मागून दबन. मडगार्डची कोर आतून ठोकून वाकवून देऊ का? नाई त टायरले लागन."

"नव्या गाडीच्या पत्र्यावर हातोडा?" गजेंद्र उसळला. "रंग उडाला म्हंजे?"

"मर्जी तुमची, भाऊ."

मैनाबाईंनी पदर पुढे ओढला. "पौर्णिमा, विचार त्याईले, तूर पुन्हा भरल्यावर चाक कुठं जाईन? पोटात?"

"आईले सांग, ही बैलगाडी नोय."

"सांग मा. बैलगाडीवाला बी पोतं टाकून चाक पाहाते. उतरवून नाई."

"माय, जाऊ दे न," पौर्णिमा पुटपुटली. तिचा घसा कोरडा पडला होता आणि नवऱ्यानं अजून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तो मोबाईलवर गाडीचे फोटो काढत होता. स्टेपनी आता नव्या चाकांपुढे बुटकी दिसते म्हणून तीसुद्धा त्यानं जुन्या चाकांबरोबर शाहनवाजला देऊन टाकली.

सामान पुन्हा भरलं. गाडीतली बसायची जागा आता छातीएवढी उंच झाली होती. शाहनवाजनं स्वतःहून एक जुना टायर आडवा टाकला, त्यावर पाय देऊन पौर्णिमा चढली. चढताना तिनं ओठ दाबला, तो फक्त आईला दिसला.

पातूरच्या रस्त्याला लागल्यावर पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला. खर्र. दुसऱ्या खड्ड्यात पुन्हा. मग रबर जळल्याचा वास.

"पौर्णिमा, थांबव म्हण गाडी."

"अहो, उलीसक थांबा न. मागून वास येऊन राह्यला."

"नवीन टायर हाय, वास येनारच." गजेंद्रनं गाण्याचा आवाज वाढवला.

"थांबव म्हण त्याले!"

"आईले सांग, मी गाडी चालवून राह्यलो, आई नाई!"

पुढचा खड्डा मोठा होता. मागचा भाग खाली बसला, मडगार्डची कोर टायरात विळ्यासारखी शिरली आणि फाट्‌कन आवाज झाला. गाडी एका अंगाला कलली, नागमोडी गेली आणि बाभळीपाशी थांबली. पौर्णिमानं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं.

"दुखते?"

"नाई. पन माय, मले खाली उतरू दे. जीव घाबरून राह्यला."

गजेंद्र कधीच उतरला होता. फाटक्या टायरापाशी उभा राहून तो फोनवर ओरडत होता, "शाहनवाज, ती स्टेपनी घेऊन ये! आत्ताच्या आत्ता!" मग आवाज खाली, "आन पाय, कोनाले सांगू नको."

मैनाबाईंनी खाली पाहिलं. जमीन दूर होती. त्यांनी दार धरलं, नऊवारीचा ओचा खोचला आणि स्वतःला सोडून दिलं. गुडघ्यातून कळ गेली. ती गिळून त्या जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर मागे पडला होता, तो त्यांनी पुढे ओढला नाही.

"फोन ठेवा."

गजेंद्रनं मागे वळून पाहिलं, ह्या कोणाशी बोलताहेत म्हणून. मागे कोणी नव्हतं.

"तुमालेच म्हनते, जावईबापू. तुरीचं पोतं काढा आन दारापाशी टाका. माह्या लेकीले उतराले पायरी पाहिजे."

"पोतं? आवो, हे कपडे... मोर्च्याची मिटिंग हाय संध्याकाळी. दुसरी गाडी बोलावतो, बसू द्या तिले वरच."

मैनाबाई गाडीमागे गेल्या. मागचं दार उघडलं, पोत्याचे कान धरले आणि ओढलं. पोतं धप्पकन खाली आलं. ते मातीतून फरफटत त्यांनी दारापाशी आणलं. गजेंद्र एक पाऊल पुढे आला आणि सदऱ्याकडे पाहून थांबला. पौर्णिमानं आईच्या खांद्यावर हात ठेवून तुरीच्या पोत्यावर पाय दिला आणि जमिनीवर उतरली.

अकोल्याकडून पातूरची एसटी येत होती. मैनाबाईंनी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात केला. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "आजीबाई, मरता का?" मग त्याला पौर्णिमा दिसली आणि त्यानं स्वतः उतरून तिचा हात धरला.

"हे बरं नाई दिसत!" गजेंद्र मागून आला. "माह्या गाडीतून उतरून माही बायको एसटीत? बसमधले लोक ओळखतेत मले! पौर्णिमा, थांब. दुसरी गाडी येते आत्ता."

पौर्णिमा पायरीवर थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"चढ," मैनाबाई म्हणाल्या. ती चढली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

मग मैनाबाई दांड्याला धरून पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात जावयाला म्हणाल्या,

"लोकाईच्या पुढं चालाची हौस हाय न तुमाले? चाला. ज्याईले तुमच्या मागं याचं त्ये येतीन. पन मातीतलं एक पोतं ज्याच्यानं उचलनं झालं नाई, त्याच्या हाती मी लेकरू देत नाई. पोरगी बाळंतीन होईन, लेकरू बाळसं धरन, आन तिले वाटन तवा ती येईन. तुमी न्याले येऊ नका. बोलावलं तरच या, आन येसान तवा हे पांढरे कपडे घरी ठेवून या."