टेंडरची वाकडी दांडी

विल्फ टॅटरसॉलने अर्धवट सोडलेलं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल अर्नेस्ट हॉब्डेने टेबलावर पालथं केलं आणि त्याला शिसारी आली. शी! गोंद! पितळी पत्र्याच्या किटला हा माणूस चक्क गोंद फासत होता! जिथे सोल्डरचा डाख होता तिथे शेंबडासारखे ओघळ. आणि मागच्या टेंडरवर, त्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, चढताना धरायची दांडी इतकी वाकडी की बघवत नव्हती. उभा जन्म एकाच मॉडेल रेल्वेच्या क्लबात बसून मेला हेच शिकला? पण तसं म्हणायचीही सोय नव्हती, कारण विल्फ फेब्रुवारीत खरंच गेला होता.

क्लबाची रीतच होती. सभासद गेला की त्याचं अपुरं इंजिन कुणीतरी पुरं करायचं, आणि ईस्टरच्या प्रदर्शनात, चॅपलच्या हॉलमध्ये, ते सगळ्यांच्या आधी धावायचं. पुढे पाटी त्याच्या नावाची. विल्फच्या बायकोने, एडनाने, अर्नेस्टलाच गळ घातली होती. “एकदा धावताना बघायचीय रे मला. विल्फची गाडी.”

आता पुरं करायचं म्हणजे धुराडं बसवायचं, रंग द्यायचा, झालं. पण अर्नेस्टच्या हातून घाण खपेल तर शपथ! त्याने सगळं धूड उकळत्या पाण्यात बुडवलं. गोंद सुटला. मग त्याने सोल्डर खरवडलं, चाकं उपटली, टेंडरच्या बाजू नव्याने कापल्या, कारण विल्फने रिव्हेटांची, पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांची, ओळ चुकीच्या जागी उठवली होती. नाक मुरडत, शिव्या घालत तो रोज बसायचा. ती दांडी मात्र पितळ बरं होतं म्हणून टाकली नाही. पोलादी पट्टीखाली दाबून सुईसारखी सरळ केली आणि परत बसवली.

क्लबातला हॉरेस एकदा डोकावला. “अर्नी, रंग फासून मोकळा हो की! लोक चहा-केक खायला येतात, रिव्हेट मोजायला नाही.”

“तू नसशील मोजत.”

“विल्फचं काही ठेवलंयस का त्यात?”

“ठेवण्यासारखं होतं काय कपाळ! ओकारी येत होती बघून.”

“मग पाटीवर त्याचं नाव कशाला लावतोस?” हॉरेस म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

प्रदर्शनाला एडना ठेवणीतला कोट घालून आली. इंजिन धावलं, कुठे खुट्ट झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन थांबल्यावर ती चष्मा लावून टेंडरवर वाकली आणि काहीतरी शोधू लागली.

“इथली ती वाकडी दांडी कुठेय रे?”

“ती होय! अगं, दारू पिऊन लावल्यासारखी होती. ज्याने लावली त्याचे हात तोडायला हवे होते.”

“मी धरली होती,” एडना म्हणाली. “शेवटी शेवटी त्याला चिमटा धरवेना. म्हणाला, तू धर, मी सोल्डर सोडतो. माझाही हात हलला. मी म्हटलं, काढ, परत लावू. तर हसायला लागला. म्हणे, राहू दे गं, माझ्या या कामाच्या खोलीत आपण दोघांनी मिळून केलेलं एवढंच तर आहे.”

अर्नेस्टने टेंडरकडे पाहिलं.

“काढलेलं सामान असेल ना तुझ्याकडे? तेवढी दांडी दे मला. बाकी काही नको.”

“ती... तीच आहे ही. सरळ केली मी.”

एडनाने दांडीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोट काढून घेतलं.

“ही नव्हे,” ती म्हणाली.

तिने विल्फच्या नावाची पाटी उचलली, पर्समध्ये ठेवली आणि पर्स बंद केली. “गाडी छान झालीय, अर्नेस्ट. तुझं नाव लाव.”

ती गेली. तेवढ्यात परीक्षक भिंग घेऊन आले, टेंडरवर वाकले. “वा, हॉब्डे! एक रिव्हेट चुकलेलं नाही!”

अर्नेस्ट त्या दांडीकडे बघत होता. पहिल्या दिवशी गोंद बघून आली होती तशीच शिसारी आत्ताही येत होती, आणि या खेपेला शिव्या विल्फला घालता येत नव्हत्या.