अंगाला दिलेला ताण

मित्रांनो, मी वजनकाटा. जुना, लोखंडी, दांडीवर वजन सरकवून तोलणारा. बोरगावात सुधाकरच्या ओसरीत उभा असतो, आणि खरं सांगायचं तर या कामाला आता विटलो आहे.

नागपूरच्या एका कारखान्यात घडलो आणि कापूस तोलायला इकडे आलो. गाठोडं माझ्यावर पडलं, की शेतकरी हळूच पायाचा अंगठा टेकवायचा आणि व्यापारी त्याच्यावर खेकसायचा. शेवटी दोघंही शिव्या मलाच द्यायचे.

थंडीत मात्र माझी ऐट असायची! तेव्हा कबड्डीचे सामने वजनावर व्हायचे, पंचावन्न किलोच्या आत. पोरं नुसत्या चड्डीवर माझ्यावर चढायची. किंचित जास्त भरला, की सुधाकर शेताला चक्कर मारून यायचा, दोनदा थुंकायचा आणि पुन्हा चढायचा. काय चढाई करायचा हो तो! मग लग्न झालं, संत्र्याची बाग आली, पोट आलं. इलेक्ट्रॉनिक काटे निघाले आणि मला कोपऱ्यात ढकलून माझ्यावर फवारणीचा पंप ठेवला. वाईट वाटायचं. का नाही वाटणार?

मागच्या हिवाळ्यात सौंसरला साठीपुढच्यांचे सामने ठरले, सत्तर किलोच्या आत. लोधीखेड्याचा अरविंद म्हणजे सुधाकरचा मैदानातला जुना वैरी. तो मुद्दाम घरी येऊन म्हणाला, "सुध्या, तू शिट्टी वाजवाले ये. खेळाचं म्हटलं तं तुले ट्रॅक्टरनं आणा लागन."

झालं! सुधाकरनं पंप उतरवला, मला पुसलं आणि चढला. सत्त्याहत्तर.

सकाळी फिरा, गोड सोडा, रात्री कमी जेवा, असं त्याची बायको चंद्रकला सांगत होती. पण ते सावकाश होणारं काम, आणि याला घाई. बागेत तेव्हा ताण चालू होता. आमच्याकडे बहार धरण्यासाठी संत्र्याचं पाणी तोडतात. पानं मलूल झाली की मग पाणी सोडतात, आणि झाड फुलांनी भरतं. सुधाकरनं तेच आपल्या अंगावर करून पाहिलं.

"अजी, सकाळपासून पाणी नाही पेले तुमी. काय करून राहिले?"

"ताण देऊन राहिलो. झाडाले चालते, मंग मले काहून नाही?"

"झाडाच्या मुळ्या खाली ओल शोधतेत. तुमच्या कुठं आहेत?"

तो हसत धावायला निघाला. घशाला कोरड, अंगात स्वेटर, आणि भर उन्हात धावणं. मी रोज खरं वजन दाखवत होतो. दांडी खाली आली की तो मला थोपटायचा, "वा रे पठ्ठ्या!" चरबी झडली की पाणी आटलं, हे मला थोडंच बोलता येतं? त्या कौतुकाची मला आजही चीड येते.

सामन्याच्या दिवशी मला ट्रॉलीतून सौंसरला नेलं. सुधाकर एकोणसत्तर भरला. टाळ्या काय, शिट्ट्या काय! पहिल्याच चढाईत त्यानं अरविंदला शिवलं, वळला, आणि मधली रेष गाठण्याआधीच कोसळला. त्याला उचलून गाडीकडे धावला तोही अरविंदच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बीपीनं किडन्या आधीच थकलेल्या होत्या, पाण्यावाचून त्या बसल्या.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रोज सकाळी तो माझ्यावर चढतो. वजन वाढलं म्हणजे किडन्यांना बाहेर न टाकता आलेलं पाणी अंगात साचलं, म्हणून दांडी वर गेली की चंद्रकलाचं तोंड उतरतं. अरविंद कधीमधी येतो आणि मान खाली घालून बसतो.

काल बागेचा ताण तोडला. पाटातून पाणी खळखळत होतं, ओसरीपर्यंत ऐकू येत होतं.

"चंद्रकला, एक गिलास भरून दे न वो," सुधाकर म्हणाला. "भरून."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग अर्धी वाटी आणून दिली आणि आत जाऊन रडली. त्यानं तो घोट किती तरी वेळ तोंडातच धरून ठेवला.

मित्रांनो, साठीनंतरही खेळा, खुशाल खेळा. वजन उतरवा, पण चालून, दमानं. आणि आत्ता तहान लागली असेल तर उठा, पोटभर पाणी प्या. तुम्हांला अजून कोणी मोजून देत नाही.