गुरुवारची माणसं आणि मी फिरता पाट

"निडीचा तो काळुराम हाय ना, तो दर गुरुवारी हमरापूरला एका बाईच्या घरी येतो गो. आणि तिथं त्यानं म्हणे..."

एवढंच कानावर आलं आणि नेमकी दारावरून एक रिक्षा भडभडत गेली. रिक्षा पुढं गेली तोवर बोलणाऱ्या दोघीही पुढं गेल्या. तिथं त्यानं काय? दिवसभर मला चैन पडलं नाही. कारण ते 'एका बाईचं घर' म्हणजे मी राहतो तेच. आणि आमच्या घरातलं मला माहीत नाही असं काही असतं म्हणजे काय!

मी कोण विचाराल, तर मी एक गोल फिरता पाट. गणपतीच्या कारखान्यात रंगवायची मूर्ती माझ्यावर ठेवतात. रंगवणारा जागचा उठत नाही, नुसता मला ढकलतो. मग मूर्ती त्याला सोंड दाखवते, पाठ दाखवते, पुन्हा सोंड दाखवते. रोह्यापर्यंत रेल्वे आली त्या सुमाराला गुणाजी सुतारानं मला सागाच्या तुकड्यातून घडवलं आणि खाली कुठल्याशा मोडक्या जीपचं बेअरिंग बसवलं. लाकूड इथलं, बेअरिंग परमुलखातलं. आमचं दोघांचं आजवर पटलेलं नाही. म्हणून फिरताना मी कुंई करतो.

माझा पहिला मालक जगन. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करावी तर त्यानंच. पेणचे कारखानदार त्याला बोलावून न्यायचे. पण त्याची संध्याकाळची सवय दुपारवर आली, दुपारची सकाळवर आली, आणि हात कापायला लागला. एका वर्षी त्याच्या हातून सात गणपती तिरळे झाले. एक तर स्वतःच्याच सोंडेच्या टोकाकडे बघत होता. त्याची बायको बायजा दोन दिवस बसून ते डोळे पुसत होती आणि नव्यानं काढत होती. कुणाला एक अक्षर बोलली नाही. जगन गेला तेव्हाही सगळ्यांना सांगत राहिली, "पोटाचा आजार होता." मला खरं ठाऊक होतं. पण पाटाला कोण विचारतो?

पुढं बायजाबाईनं घरीच मूर्ती रंगवायला घेतल्या, हलका लोखंडी पाट आला आणि मी रद्दीखाली गेलो. किती वर्षं गेली त्याचा हिशेब नाही. उंदरांच्या तीन पिढ्या माझ्यावर वाढल्या.

मला बाहेर काढलं शांतीताईनं. मनाचे आजार आणि दारूचं व्यसन यांवर काम करणाऱ्या एका संस्थेत ती असते. पेणला त्यांनी खोली घेतली, दारावर मोठा बोर्ड लावला. तो बोर्ड वाचला की माणसं अशी वळत, जशी काही समोरच्या पानटपरीवरच आली होती. शांतीताई कंटाळून बायजाबाईला म्हणाली, "आजी, येतात सगळे, पण आत कुणी शिरत नाय."

"माझ्याकडं बसव त्यांना," बायजाबाई म्हणाली. "गणपती बघायला आले म्हणून सांगतील."

झालं. दर गुरुवारी आठ बाप्ये रंगाच्या बादल्या पालथ्या घालून बसायला लागले. दारात कुणी डोकावलं की आठही जण उठून मूर्तींपुढं उभे राहत आणि म्हणत, "सोंड जराशी जाड वाटते." गावाला नवल वाटे. चैत्रापासून येतात, आणि अजून एकाला मूर्ती पसंत नाही!

एक बादली कमी पडली म्हणून शांतीताईनं मला रद्दीखालून ओढलं, आणि त्यांतले हैबतराव माझ्यावर बसले. देह भरभक्कम. म्हणाले, "मी काय रोजचा नाय. वर्षातले पाच सण, तेवढ्यालाच घेतो." बोलताना जरा चुळबुळले, आणि मी कुंई करत त्यांना भिंतीकडं फिरवलं.

"वर्षाला सण किती येतात, हैबतराव?" शांतीताईनं विचारलं.

इकडं तोंड होतं तेव्हा ते पाच म्हणाले होते. भिंतीकडं तोंड करून मोजले तेव्हा साठ निघाले. त्या दिवसापासून ज्याला बोलायचं असेल त्यानं माझ्यावर बसायचं ठरलं. मीही खुशीत. आमच्या धंद्यात गणपतीनंतर माणूस म्हणजे उतरती पायरी, पण माणूस बोलतो तरी.

काळुराम निडीचा. रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. शांतीताईनं त्याला पहिल्यांदा पेणला डॉक्टरकडं नेलं. दारू एकदम बंद केली तर अंग कापतं, भलतंसलतं दिसतं, म्हणून औषध सुरू झालं. दिवस साठायला लागले. दहा, वीस, तीस.

"घरी हौसाला सांगितलंस का?" ताई विचारी.

"कसं सांगू? तिच्यासमोर पाच शपथा घेतल्या न मोडल्या. आता 'शपथ' म्हटलं की ती भांडी घासायला उठते. गणपतीपर्यंत टिकलो तर सांगीन."

त्याचे सत्तेचाळीस दिवस झाले, आणि गटारी आली. श्रावण लागायच्या आधीची ती अमावस्या आमच्याकडं कशी साजरी होते, ते मी सांगायला नको.

त्यानंतरच्या गुरुवारी मोठाच घोटाळा झाला. आदल्या दिवशी बायजाबाईनं सगळ्या मूर्तींचे डोळे आखले होते. तोवर ह्या माणसांना बोलायला काही वाटायचं नाही, कारण बघणारं कुणी नव्हतं. आता आत आले तर चाळीस गणपती टकामका बघतायत. आठही जण दारातच थबकले.

"बायजाबाय, ह्यांनी डोळे कवा उघडले?" हैबतरावांनी हळूच विचारलं.

"काल."

"मग आज आम्ही येतो."

"कुठं जाता? पेपर घाला तोंडावर," बायजाबाईनं रद्दीचा गठ्ठाच पुढं टाकला. प्रत्येक मूर्तीवर वर्तमानपत्र चढलं. एका छोट्या गणपतीला पेपर पुरला नाही, त्याला हैबतरावांनी आपली टोपी घातली, पार भुवयांखाली ओढून.

काळुराम माझ्यावर बसला. हात गुडघ्यांत. "गटारीला..." असं म्हणाला, आणि दार धाडकन उघडलं.

पुढं त्याची शेजारीण धोंडुबाई, मागं त्याची बायको हौसा, हातात कपड्यांची पिशवी.

"सापडला! अख्खी निडी सांगते, काळुरामनं हमरापूरला दुसरा घरोबा केलाय! न ही बघ ती बाई!" धोंडुबाईनं बायजाबाईकडं बोट दाखवलं.

माझं रिक्षानं खाल्लेलं वाक्य हे असं पुरं झालं.

"मी?" बायजाबाई म्हणाली. "अगो, मला वरचे दात नाय. ह्याला घेऊन करू काय?"

हैबतराव सवयीनं उठले आणि पेपर घातलेल्या मूर्तीपुढं उभे राहून म्हणाले, "सोंड जराशी जाड वाटते."

हौसाला मात्र हसू आलं नाही. "मी खांब गावाला आईकडं चालले," ती काळुरामला म्हणाली. "पोरं काल पोचवली. परत यायचं नाय असंच ठरवून. म्हटलं, जाण्याआधी बाई तरी बघून घ्यावी."

शांतीताईनं दोन वाक्यांत सगळं समजावलं. धोंडुबाईचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजे आमचा काळुराम पीत नाय?"

सगळ्यांनी काळुरामकडं बघितलं. नुसती मान हलवली असती तरी त्याचं काम झालं असतं. पिशवी घरी परत गेली असती.

"सत्तेचाळीस दिवस..." तो म्हणाला आणि चुळबुळला. मी फिरलो. खरं सांगतो, मुद्दाम नाही फिरलो. भिंतीकडं तोंड गेल्यावर त्याचा बारीक आवाज आला, "न गटारीला प्यालो. तुझ्याच भावासंगं, हौसा."

"ठाऊक हाय."

"भाऊ बोलला?"

"वास बोलला. तुमी कबूल कराल असं मात्र वाटलं नव्हतं."

काळुराम उठला. शांतीताईनं हौसाला माझ्यावर बसायला सांगितलं.

"मी कशाला? मी काय पिते?"

"म्हणूनच विचारते. तुझी झोप कशी हाय?"

हौसा बसली. इतकी हलकी, की मी कुंईसुद्धा केलं नाही. ती पदराचं टोक पिळायला लागली. मग म्हणाली, "तीन वर्षं दाराकडं कान लावून झोपते. कडी वाजली की छातीत धडधडतं. पावलांवरून वळखते, आज किती घेतलीय. हे पीत नव्हते तेव्हाही झोप नाय आली. वाटायचं, आज नाय तर उद्या पितील. अंगारा झाला, धागा झाला. मला आजवर कुणी इचारलंच नाय हो ताई."

बायजाबाई ब्रश धुवत होती. पाणी पार स्वच्छ झालं तरी धुतच होती.

"माझ्या जगनला पोटाचा आजार नव्हता," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण ते वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो! धोंडुबाईनं एक बादली ओढली, बसली, आणि येताना आणलेल्या डब्यातली भाकरी खात खात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडली.

हौसा उठली तेव्हा काळुराम पुढं आला, हात वर करून. "ह्या गणपतीसमोर सांगतो..."

"शपथ नको!" ती म्हणाली. "खांबला आज नाय जात. उद्या पोरं आणायला दोघं जाऊ, न भावाशी मी बोलते. तुमी दर गुरुवारी इकडच्या गाडीत बसायचं. मीपण बसणार. एक गुरुवार चुकला तर ही पिशवी भरलेलीच हाय."

त्या गोष्टीला दीड वर्ष झालं. माझं बेअरिंग हैबतरावांखाली एकदाचं निखळलं. आता मी फिरत नाही, नुसता बसतो. बादल्यांवर आता बायका असतात, एक सासू असते, एक बापही येतो. धोंडुबाईच्या घरात कुणी थेंब घेत नाही, तरी ती सगळ्यांच्या आधी हजर. विचारलं तर म्हणते, "ताई, दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय मला भाकरी जात नाय. ह्याला औषध असंल तर बघा." ताई बघतेय.

तुमच्या घरातही कुणी दाराकडं कान लावून झोपत असेल, तर त्याला घेऊन या. पिणारा येत नसेल तर त्याच्याशिवाय या. गणपती बघायला आलो म्हणून सांगा, इथं कुणी जास्त विचारत नाही. धोंडुबाई सोडून.

परवा त्याच दोघी दारावरून गेल्या. रिक्षा नव्हती, म्हणून सगळं ऐकू आलं. "काळुरामनं दारू सोडली गो, न हौसाची धडधड एका दिवसात थांबली!"

मागच्या वेळी बाई खरी होती, घरोबा खोटा होता. दारू सुटली हे खरं, पण दिवाळीत एकदा घसरला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन माझ्यावर बसला. आणि धडधड काही एका दिवसात थांबली नाही. पेणच्या डॉक्टरांनी हौसाला दिलेल्या गोळ्या अजून चालू आहेत. पण कडी वाजली तर आता ती आधी कूस बदलते, मग विचारते, "कोण हाय?" आणि उत्तर यायच्या आत पुन्हा झोपी जाते.