पालघाटात मेलेली कंपनी

मी एक कंपनी बोलतेय. छत्री बोलते, फाटका जोडा बोलतो, मग कंपनीनंच काय घोडं मारलंय? माझा जन्म मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा. लोकांच्या कॉम्प्युटरवर पहारा देणं हे माझं काम. चोर आत शिरू नये, व्हायरस पसरू नये आणि पसरलाच तर माहिती वाचावी, एवढ्यासाठी मी आहे. आजवर मला इतके मालक झाले की कुणाचं नाव लावावं हा मलाच प्रश्न पडतो.

मला जन्माला घातलं श्रद्धा हरकरेनं. नागपूरला कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन ती अठ्ठ्याण्णव साली घरी परतली. तेव्हा बालाघाटात कॉम्प्युटर विकणारे होते, बिघडला तर उघडून बसणारेही होते. श्रद्धाचं म्हणणं वेगळं होतं. बिघडायची वाट कशाला पाहायची? दर महिन्याला जायचं, फ्लॉपी तपासायच्या, पासवर्ड बदलायचे, सगळ्या माहितीची एक प्रत काढून वेगळी ठेवायची.

"म्हणजे जे बिघडलंच नाही त्याचे पैसे घेशील?" तिच्या वडिलांनी, चिंतामणरावांनी विचारलं. ते भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीत बिघडल्याशिवाय कुणी कशाला हात लावला नव्हता.

"हौ बाबा. बिघडू नये म्हणून."

चिंतामणरावांना ते पटलं नाही, पण नोंदणी करायला तेच गेले आणि धंदा आपल्या नावावर करून आले. पोरीच्या जातीला सरकारी कचेऱ्यांची कटकट नको, असं त्यांचं म्हणणं. नावावरूनही वाद झाला. श्रद्धाला 'सिस्टम गार्ड' हवं होतं, त्यांना 'श्री गणेश'. शेवटी मी 'श्री गणेश सिस्टम गार्ड' झाले. बरेच दिवस लोक माझ्याकडे गणपतीची वर्गणी मागायला येत.

माझं ऑफिस म्हणजे हनुमान चौकाजवळची एक खोली, एक टेबल आणि एक फोन. श्रद्धा बसनं वारासिवनीला जायची, लामत्याच्या शाळेत जायची, मलाजखंडला एका ठेकेदाराच्या ऑफिसात जायची. वारासिवनीला डॉक्टर पुष्पलताबाईंचा दवाखाना हे माझं पहिलं गिऱ्हाईक. बाई बाळंतपणं करत आणि प्रत्येक बाईची माहिती कॉम्प्युटरवर ठेवत. श्रद्धा महिन्याला त्या माहितीची प्रत सीडीवर काढून तिथल्या आया गोदाबाईंच्या हातात द्यायची. "मावशी, हे सांभाळून ठेवजा. ऊन नको लागू देऊ, थंड जागी ठेवजा."

"ठेवतो बाई," गोदाबाई म्हणायच्या. कुठे ठेवतात हे कुणी विचारलं नाही.

तीन वर्षं सुखाची गेली. मग चिंतामणराव वारासिवनीला एका लग्नाला गेले. पंगतीत त्यांच्या शेजारी तिथलेच राइस मिलवाले प्रेमलालजी बसले होते. बोलता बोलता चिंतामणराव म्हणाले, पोरीनं सिक्युरिटीची कंपनी काढली, पण बसनं हिंडून हिंडून वाळली. प्रेमलालजींना 'सिक्युरिटी' एवढा एकच शब्द नीट ऐकू आला. बालूशाही दुसऱ्यांदा वाढायला येईपर्यंत मी विकली गेले होते.

श्रद्धाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. प्रेमलालजी हार आणि पेढे घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "बिटिया, आजपासून तू आपल्या घरचीच. पगार देईन, चिंता करू नको."

ते गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मले विचारलं काहून नाही?"

"विचारणार होतो," चिंतामणराव म्हणाले. "पण पंगत उठली."

श्रद्धा पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण पाटाकडे पाहून. तरी तिनं मला सोडलं नाही. गिऱ्हाइकांना तिनं शब्द दिला होता, आणि तो शब्द विक्रीत धरला गेला नव्हता.

प्रेमलालजी मनानं फार चांगले. त्यांची एकच अडचण होती. मी चौकीदार पुरवणारी कंपनी आहे असं समजून त्यांनी मला घेतलं होतं. त्यांनी खाकी कपडे शिवून घेतले, काठ्या आणल्या, शिट्ट्या आणल्या, आणि प्रत्येक कॉम्प्युटरशेजारी एक माणूस उभा केला. दवाखान्यात पुनाराम नावाचा उंचापुरा गडी आला. त्यानं पहिल्याच दिवशी श्रद्धाला विचारलं, "बाई, हा व्हायरस दिसते कसा?"

"दिसत नाही."

"मग पकडू कसा?"

श्रद्धा काही बोलायच्या आत प्रेमलालजी म्हणाले, "दिसत असता तर तुले कायले ठेवलं असतं?"

पुनारामनं ते मनावर घेतलं. आठवडाभरातच एक म्हातारे गृहस्थ तापानं फणफणत आले. "काही नाही, वायरल आहे," असं पुष्पलताबाई बाहेरच्या खोलीतच म्हणाल्या आणि आत गेल्या. पुनारामनं काठी आडवी धरली. "वायरल आहे तर आत नाही जाऊ देणार. आत कॉम्प्युटर आहे." म्हाताऱ्याच्या मुलानं आवाज चढवला, पुनारामनं शिट्टी फुंकली. पुष्पलताबाई बाहेर आल्या. रागवावं की हसावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं आणि रोग्याला अंगणातच तपासलं.

हळूहळू प्रेमलालजींच्या ध्यानात आलं की हे काम काठीचं नाही. त्यांनी शिट्ट्या परत घेतल्या आणि श्रद्धाला मोकळं सोडलं. पण मी त्यांच्या समजुतीबाहेरची होते आणि असली वस्तू घरात ठेवायला त्यांना भीती वाटे. दोनेक वर्षांनी नागपूरच्या एका कंपनीनं विचारलं तसं त्यांनी मला देऊन टाकलं. "मोठे लोक आहेत बिटिया," ते श्रद्धाला म्हणाले, "तुझं भलं होईल." विचारलं त्यांनीही नाही, पण सांगायला स्वतः आले, हे मी विसरणार नाही.

नागपूरच्या मालकांनी माझं नाव 'कवचनेट' केलं. फोनवर इंग्रजीत बोलायचा हुकूम आला. पासवर्डात अक्षरं हवीत, आकडे हवेत, चिन्हं हवीत आणि तो दर महिन्याला बदलायला हवा, असा नियम झाला. प्रेमलालजी आता माझे गिऱ्हाईक होते. इतकी वर्षं त्यांचा पासवर्ड त्यांच्या बायकोचं नाव, लीलाबाई, असाच होता. आता दर महिन्याला नवा आला. मिलच्या घरघरीत मुनीमजींना ऐकू जावा म्हणून ते तो ओरडून सांगत, त्यामुळे समोरच्या पानवाल्यालाही तो पाठ असे. प्रेमलालजी विसरले की त्यालाच विचारून येत.

मग एका हैदराबादच्या कंपनीनं नागपूरची कंपनी विकत घेतली. त्यांचं नाव चिंतामणरावांना कधीच म्हणता आलं नाही. मला मुद्दाम कुणी घेतलं नव्हतं. नवरीबरोबर सासरी गेलेल्या ताटवाट्यांसारखी मी गेले. नव्या मालकांच्या ऑफिसात कुणी हुशार माणूस शाखांची नावं तपासत होता. 'बालाघाट' दिसल्यावर त्याला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली. त्यानं ते सुधारून 'पालघाट' केलं.

अशी मी बसल्या जागी केरळात गेले.

पुढचे काही महिने विचित्र होते. हैदराबादेहून ज्या वस्तू पाठवत त्या केरळात पोचून परत जात. शेवटी श्रद्धाला ईमेल आला की दिलेल्या पत्त्यावर चौकशी केली असता आपण आढळला नाहीत, सबब आपली सेवा संपली. जिथं मी कधी नव्हतेच तिथं ती सापडली नाही, म्हणून तिला कामावरून काढलं. तिनं पत्रं लिहिली, फोन केले. प्रत्येक वेळी पलीकडचा माणूस गोड आवाजात तिची तक्रार पालघाट शाखेकडे पाठवून देई.

ती घरी बसली. चिंतामणराव चहा करून तिच्यापुढे ठेवत आणि बाहेर जाऊन बसत.

त्याच हिवाळ्यात पेन ड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसची साथ आली. एकाच्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्याच्या, असं करत तो वारासिवनीभर फिरला आणि एका दुपारी दवाखान्यात शिरला. कॉम्प्युटर उघडेना. नेमक्या त्याच वेळी लामत्याकडच्या सीता नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या म्हणून आणलं होतं. मूल आडवं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. आणि मागच्या बाळंतपणात एका इंजेक्शननं सीता मरता मरता वाचली होती. ते इंजेक्शन कोणतं, हे पुष्पलताबाईंना आठवेना. सासू म्हणाली, "पांढरं होतं." सगळी नोंद कॉम्प्युटरमध्ये होती.

बाईंनी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आमचे इंजिनिअर शाखेत पोचलेच आहेत," पलीकडून हिंदीत उत्तर आलं. "पालघाटला."

"मी बालाघाट जिल्ह्यातून बोलून राह्यली."

"जी मॅडम, पालघाट."

बाईंनी फोन ठेवला आणि श्रद्धाच्या घरी लावला.

श्रद्धा चपला घालत असताना चिंतामणराव म्हणाले, "तू तर आता कंपनीत नाहीस. उद्या काही झालं तर तुझ्यावर येईल. कायले जातेस?"

"कंपनीत नाही, बाबा. पण तो कॉम्प्युटर माझ्या ओळखीचा आहे."

चिंतामणरावांनीही पायात चपला सरकवल्या. मग शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणली आणि स्वतः चालवत तिला वारासिवनीला घेऊन गेले. तेवढ्या वाटेत ते दोनदा बैलगाडीच्या मागे अडले आणि दोन्ही वेळा बैलांनाच हॉर्न देत बसले.

दवाखान्यात पोचताच श्रद्धानं पाहिलं, तो कॉम्प्युटर लगेच उठण्यातला नव्हता. "मावशी, मी तुमच्याजवळ देत होती त्या सीडी कुठं आहेत?"

गोदाबाई शांतपणे लशींच्या फ्रिजकडे गेल्या. धनुर्वाताच्या लशींमागून त्यांनी स्टीलचा डबा काढला. आत सगळ्या सीडी पोळ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या. "तूच म्हणे थंड जागी ठेव," त्या म्हणाल्या.

आता एक धड कॉम्प्युटर पाहिजे होता. निरोप जाताच प्रेमलालजींनी आपला जीपमध्ये घालून आणला. साथ त्यांच्याकडे फिरकली नव्हती, कारण सुगीच्या गर्दीत त्यांच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी रिकामी पोती टाकली होती आणि तो कुणाला सापडलाच नव्हता. श्रद्धानं भुसा झटकला, सीडी पुसून कोरडी केली आणि आत घातली. ती फिरू लागली. सीतेच्या सासूनं पदर तोंडाशी धरला होता. मग पडद्यावर सीतेचं नाव आलं, आणि त्याखाली लाल अक्षरांत त्या इंजेक्शनचं.

बाईंनी ते वाचलं, टेबलावर काढून ठेवलेल्या सामानातून एक बाटली उचलून बाजूला केली आणि आत गेल्या. बाहेर चिंतामणराव भिंतीला टेकून बसले होते. मूल रडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

नंतर दोन दिवसांनी अश्विन नावाचा इंजिनिअर आला. पालघाटला शाखा शोधून शोधून थकल्यावर नकाशा उलगडून बसला तेव्हा त्याला बालाघाट सापडलं होतं. त्याच्या हातात केळ्याच्या वेफर्सची मोठी पिशवी होती. पोरगा सरळ होता. घडलेलं सगळं ऐकून त्याचे कान लाल झाले. "मला खरं तर ही शाखा बंद करायला पाठवलंय," तो म्हणाला.

"कोणती शाखा?" पुष्पलताबाईंनी विचारलं. "पालघाटची का? खुशाल करा बंद."

अश्विन हसला. त्यानं वेफर्सची पिशवी गोदाबाईंना दिली आणि हैदराबादला कळवलं की पालघाट शाखा कायमची बंद केली आहे, बालाघाटला आपलं काही नाही. तर कागदोपत्री माझा मृत्यू केरळात झाला. मी केरळ अजून पाहिलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात श्रद्धानं नवीन कंपनी नोंदवली. नाव, मालक, सही, सगळं तिचं. लोक म्हणतात ही वेगळी कंपनी आहे. मला माहीत आहे, ती मीच. पुष्पलताबाई आल्या, लामत्याची शाळा आली, मलाजखंडचा ठेकेदार आला. प्रेमलालजी आले आणि म्हणाले, "बिटिया, पासवर्ड मात्र लीलाबाईच ठेवजो." तिनं ठेवू दिला नाही.

चिंतामणराव आता ऑफिसात बसतात. त्यांनी स्वतःच येऊन विचारलं, फोन उचलायला माणूस पाहिजे का म्हणून. काल दिल्लीहून कुणी मोठ्या कंपनीचा माणूस बोलत होता. त्यांना मध्य भारतात वाढायचं होतं, मला विकत घ्यायचं होतं. रक्कमही त्यानं सांगितली असावी, कारण चिंतामणराव खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले. माझा जीव टांगणीला लागला.

"थांबा," ते म्हणाले. "मालकिणीला विचारतो."

"त्यांना फोन द्या ना."

"ती टेबलाखाली आहे. तारा जोडून राह्यली."

ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली वाकले आणि विचारलं. खालून श्रद्धाचा आवाज आला. चिंतामणरावांनी मान डोलावली, पुन्हा फोनपाशी आले आणि म्हणाले, "विकायची नाही म्हणते. पण तुमच्याकडे पहारा कोण देते, असं विचारून राह्यली. कोणी नसल तर सोमवारी येईल."

तर अशी मी. खोली तीच, टेबल नवं. वाचकहो, मला विकत घ्यायचं तुमच्या मनात असेल तर तसदी घेऊ नका. कॉम्प्युटर रेंगाळत असेल, कुणाचा तरी पेन ड्राइव्ह लावल्यापासून तो भलतंच काही दाखवत असेल, तर मात्र जरूर फोन करा. चिंतामणराव उचलतील. सोप्यातली सोपी गोष्ट असली तरी ते आधी विचारायला जातील आणि त्यांच्या गुडघ्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ फोन ठेवू नका.